जुन्या चेन ट्रॅक्टरचा स्टिअरिंग क्लच: प्लेटा मोजल्याशिवाय बांधू नका

तुमची अडचण मी समजलो ती अशी. 1950च्या दशकातला कॅटरपिलर डी4, 7यू मालिकेतला. दोन्ही स्टिअरिंग क्लच खोलले, प्लेटांना जिल्ह्याच्या गावी नवे लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, मारून घेतले आणि परत बांधले. आता डावा दांडा पोटापर्यंत ओढला तरी मशीन डावीकडे वळत नाही, वर ब्रेक दाबला तर इंजिनच दबते. उजवीकडे नेमके उलटे. नांगर मातीत उतरला की उजवी चेन जागेवर थांबते आणि जळका वास येतो. प्लेटांचा क्रम चुकला का, आणि सगळे पुन्हा खोलावे लागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

बहुतेक खोलावे लागेल. पण त्याआधी अर्धा दिवस बाहेरूनच तपासा, कारण तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच मुळाच्या असू शकतात.

हा क्लच मुळात कसा चालतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. गिअरबॉक्समधून ताकद बेव्हल गिअरच्या, म्हणजे फिरणे काटकोनात वळवणाऱ्या गिअरच्या, आडव्या शाफ्टवर येते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक आतला ड्रम असतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला दात असतात. त्याला वेढून बाहेरचा ड्रम. याचे दात आतून, आणि याच्याच पाठीवर ब्रेकचा पट्टा. बाहेरचा ड्रम फायनल ड्राइव्हला, म्हणजे चेनचे चाक फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरना, जोडलेला असतो, म्हणजे तो फिरला तर चेन फिरते. दोघांच्या मध्ये प्लेटांची थप्पी. एक प्लेट आतल्या ड्रमच्या दातांत, पुढची बाहेरच्या ड्रमच्या दातांत, अशी आळीपाळीने. प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरावर ही थप्पी सतत दाबून धरते. दांडा ओढला की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला मागे खेचते, थप्पी सैल होते आणि त्या बाजूच्या चेनची ताकद तुटते.

यातून एक गोष्ट निघते. लायनिंग झिजते तशी थप्पी बारीक होते, प्रेशर प्लेट आत सरकते आणि दांड्याची मोकळी चाल, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी दांडा जेवढा रिकामा सरकतो ती, कमी कमी होत जाते. ती शून्यावर आली की दांडा कोणी ओढलेला नसतानाही बेअरिंग प्रेशर प्लेटला अर्धवट खेचून धरते. क्लच घसरतो आणि बेअरिंगही जळते. नवे लायनिंग घातले की याच्या बरोबर उलटे होते. थप्पी जाड झाल्यामुळे मोकळी चाल वाढते, दांड्याची निम्मी ओढ नुसती हवेत जाते आणि क्लच सुटत नाही. तुम्ही बांधल्यावर दांड्यांची जुळणी नव्याने केली का, ते लिहिलेले नाही. केली नसेल तर आधी मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढी मोकळी चाल दोन्ही दांड्यांना द्या. डावीकडचा दोष कदाचित तिथेच संपेल. उजवीकडे चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर आत तेल गेले आहे किंवा थप्पी बारीक पडली आहे. मग खोलण्यावाचून इलाज नाही.

उजवा क्लच ज्या कप्प्यात बसतो, त्याच्या तळाचा ड्रेन प्लग काढून पाहा. हा क्लच कोरडा आहे, तिथून काहीच गळायला नको. काळे तेल टपकले तर बेव्हल गिअरच्या बाजूचे किंवा फायनल ड्राइव्हच्या बाजूचे सील गेले आहे असे समजा. गिअरबॉक्समध्ये तेल जास्त भरलेले असणे आणि हवा जायचे भोक मातीने बंद होणे, ही दोन कारणेही बघा. भोक बंद असेल तर आत गरम हवेचा दाब वाढतो आणि तो चांगल्या सीललाही जुमानत नाही. मी दोनदा नवी सील बदलून हात चोळत बसलो होतो. तिसऱ्या वेळी ते भोक पिनेने मोकळे केले आणि गळती थांबली.

आता खोलण्याकडे येतो. थप्पीतल्या स्प्रिंगा शेकडो किलोच्या जोराने दाबलेल्या असतात. प्रेशर प्लेटला दाब द्यायला सी-क्लॅम्प लावू नका, तो सटकतो. तीन लांब, चांगल्या पोलादाचे आट्याचे स्टड घ्या आणि समान अंतरावर बसवा. तिन्ही नट आळीपाळीने, प्रत्येक वेळी एकच फेरा, असे आवळा. सैल करतानाही तसेच. स्प्रिंगांच्या टोकाला इंजिनाच्या व्हॉल्व्हला असतात तसे दोन फाकांचे लॉक असतील, तर ते निघताना तोंड त्या रेषेत ठेवू नका. मदतीला पोरगा असेल तर त्यालाही बाजूला उभे करा.

जुन्या लायनिंगच्या धुळीबद्दल इथेच सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. त्या काळच्या लायनिंगमध्ये आणि ब्रेकच्या पट्ट्यात ॲस्बेस्टॉस असायचे. कप्पा कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून साफ करायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला चांगला मास्क बांधा, फडकी पिशवीत बंद करून टाका. माझ्या पिढीतल्या लोकांनी ही धूळ वर्षानुवर्षे छातीत घेतली आहे.

डाव्या आणि उजव्या बाजूच्या प्लेटा वेगळ्या ठेवा, निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवा. नांगरटीला चाललेल्या मशीनचा एका बाजूचा क्लच नेहमी आधी जातो. नांगराची ओढ मधोमध नसते, त्यामुळे मशीन सरळ ठेवायला चालक दिवसभर एकच दांडा थोडा थोडा ओढत राहतो. अर्धवट ओढलेल्या दांड्याने प्लेटा जितक्या तापतात तितक्या कशानेच तापत नाहीत. आपल्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा काढायला खोल नांगरट करतात, तिथे आलेली बहुतेक मशीन मी अशीच एका अंगाने खालावलेली पाहिली. म्हणून दोन्ही बाजूंच्या प्लेटा सरमिसळ झाल्या तर झीज कुठे आणि किती हा सगळा पुरावाच हातातून जातो.

प्लेट तपासायला जाड काचेचा सपाट तुकडा पुरतो. प्लेट त्यावर ठेवा आणि कडेने फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. उष्णतेने प्लेट नुसती वेडीवाकडी होत नाही, तर परातीसारखी खोलगट होते, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. निळे डाग दिसले तर ती प्लेट बाजूला टाका. हातोड्याने सरळ केलेली प्लेट पहिल्याच उन्हाळ्यात पुन्हा तशीच होते. लायनिंग रिव्हेटचे असेल तर प्रत्येक रिव्हेटचे डोके पृष्ठभागाच्या खाली आहे ना, हे बोटाने चाचपून बघा.

आता तुमच्या डाव्या बाजूचा मला वाटणारा खरा दोष. समजा थप्पीत 8 लायनिंगच्या आणि 7 साध्या लोखंडी प्लेटा आहेत. लायनिंगवाल्याने प्रत्येक बाजूला फक्त 0.2 मिलिमीटर जाड थर मारला. एका प्लेटमागे 0.4 झाले, आठ प्लेटांचे 3.2 मिलिमीटर. आता समजा दांडा पूर्ण ओढल्यावर प्रेशर प्लेट 6 मिलिमीटर मागे येते. निम्म्याहून जास्त चाल तुमच्या जाड लायनिंगनेच खाल्ली. आणि सगळे मापात असतानाही ती 6 मिलिमीटर चाल 16 घासणाऱ्या पृष्ठभागांत वाटली जाते, प्रत्येकाच्या वाट्याला 0.4 सुद्धा येत नाही. त्यात एखादी प्लेट अर्धा मिलिमीटर खोलगट असेल, तर ती दांडा ओढला तरी शेजारणीला चिकटूनच राहणार. हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या मशीनच्या प्लेटा मोजा, पुस्तकातली थप्पीची जाडी बघा आणि हाच हिशेब मांडा. व्हर्निअरने प्रत्येक प्लेट चार ठिकाणी मोजायची, वहीत लिहायची आणि शेवटी सगळी थप्पी एकत्र दाबून मोजायची. जाड निघाली तर लायनिंग घासून मापात आणायचे. हे काम लेथवर करा, हाताने घासलेले लायनिंग कधी एकसारखे होत नाही.

थप्पी बारीक निघाली तर स्प्रिंगा पुऱ्या दाबल्या जात नाहीत आणि क्लच घसरतो. तुमची उजवी बाजू तेलाविना घसरत असेल तर कारण इथे सापडेल. काही मिस्त्री अशा वेळी प्रेशर प्लेटला लागून आतल्या दातांची एक जास्तीची लोखंडी प्लेट घालतात. हंगाम निभावून न्यायला मी याला नाही म्हणत नाही. फक्त शेवटची प्लेट ड्रमच्या दातांवर पूर्ण बसली पाहिजे, अर्धी बाहेर लोंबता कामा नये.

क्रमाचे तुम्ही विचारलेत. पुस्तक हाताशी असेल तर पुस्तकाप्रमाणेच. नसेल तर हा विचार करा: आतल्या ड्रमची कड आणि प्रेशर प्लेट या दोघी आतल्या ड्रमबरोबरच फिरतात. तेव्हा आतल्या दातांची प्लेट त्यांना लागून ठेवली, तर त्या जागी घर्षण होतच नाही, कारण दोन्ही एकाच वेगाने फिरतात. म्हणून थप्पीच्या दोन्ही टोकांना बाहेरच्या दातांची प्लेट आली की प्रत्येक पृष्ठभाग कामाला लागतो. बाहेरच्या दातांच्या 8 आणि आतल्या दातांच्या 7 असतील तर 16 पृष्ठभाग. आता यातल्या शेजारच्या दोन प्लेटांची चुकून अदलाबदल झाली, तर दोन पृष्ठभाग मेले, 14 उरले. क्लचची एक अष्टमांश ताकद गेली आणि बाहेरून काहीच कळत नाही. मशीन रिकामे चालते, डोझरचे पाते हलके असेल तोवरही चालते, आणि नांगर उतरला की घसरते. तुमच्या उजव्या बाजूचे वर्णन मला याच्याशीही जुळते आहे. लायनिंग काही मॉडेलमध्ये बाहेरच्या दातांच्या प्लेटांवर असते, काहींत आतल्या. म्हणून लायनिंग बघून क्रम लावू नका, दात बघून लावा. काही बनावटींत ड्रमची कड झिजू नये म्हणून मुद्दाम एक लोखंडी प्लेट आधी टाकलेली असते. खोलताना तशी निघाली असेल तर तशीच घाला. तारेत ओवून ठेवायला सांगितले ते यासाठीच.

ड्रमच्या दातांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. जुन्या ड्रमचे दात बघा, प्रत्येक प्लेटने आपापल्या जागी खाच पाडलेली असते. नव्या लायनिंगमुळे प्लेटांच्या जागा थोड्या सरकतात आणि त्या या जुन्या खाचांच्या कडांवर अडकतात. दांडा ओढला तरी प्लेट सरकतच नाही, खाचेतच बसून राहते. नखाला खाच लागत असेल तर कानसीने तिच्या कडा उतरवा. खोल असेल तर ड्रम बदलणेच योग्य. पण त्याआधी एक उपाय आहे. डाव्या आणि उजव्या बाजूचा ड्रम एकाच पार्ट नंबरचा असेल, तर दोघांची अदलाबदल करा. ड्रम दुसऱ्या बाजूला गेला की त्याच्या हिशेबाने फिरण्याची दिशा उलटते आणि दाताची न झिजलेली कड कामाला लागते. चेन ओढणाऱ्या दातेरी चाकांच्या बाबतीत हे आपण नेहमी करतो, ड्रमलाही तोच नियम.

मग एकेक प्लेट सुटी घेऊन ड्रमवर घाला. ड्रम उभा ठेवलेला असताना प्लेट हात न लावता स्वतःच्या वजनाने खालपर्यंत गेली पाहिजे. कुठे अडकली तर तिथे खूण करा, दाताची कड साफ करा, पुन्हा सोडा. वरच्या हिशेबातल्या पंधरा प्लेटा आणि दोन बाजू, म्हणजे तीस वेळा. याला एक अख्खा दिवस जातो. हा दिवस वाचवू नका. दातांना ग्रीस लावून प्लेट सरकवायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेल. कोरड्या क्लचमध्ये ते ग्रीस गरम होऊन लायनिंगवर उडते, धुळीत मिसळते आणि सहा महिन्यांत दातांवर डांबरासारखे घट्ट होते. दात कोरडे आणि गुळगुळीत, एवढेच हवे. रिलीज बेअरिंगलाही पुस्तकात सांगितले तेवढेच ग्रीस द्या. जास्तीचे ग्रीस फिरून फिरून प्लेटांवरच येते. तेलात चालणारे क्लच पुढच्या काळात आले. त्यांच्या प्लेटा बांधण्याआधी तेलात भिजवतात, पण त्यांचे लायनिंगच वेगळे असते. ते ऐकून या प्लेटा भिजवू नका.

स्प्रिंगा एका ओळीत सपाट फरशीवर उभ्या करून वर पट्टी धरा. एखादी बुटकी असेल तर लगेच दिसते. उंची सारखी असूनही जोर कमी असू शकतो. म्हणून ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवून प्रत्येक स्प्रिंग एकाच उंचीपर्यंत दाबून वजन बघा. गंजाचे खड्डे पडलेली स्प्रिंग आज जोर दाखवते आणि उद्या तुटते. तिचा तुकडा प्लेटांत गेला तर पुन्हा सगळे खोला. बदलायच्या तर एका बाजूच्या सगळ्या एकदम बदला, एक नवी आणि बाकीच्या जुन्या असतील तर प्रेशर प्लेट तिरकी दाबते.

बांधणी करताना बाहेरचा ड्रम थप्पीवर घालूनच दात एका रेषेत आणा, आणि मगच स्टड सैल करून स्प्रिंगांचा जोर प्लेटांवर सोडा. एकदा दाबल्या की प्लेटा रेषा धरून राहतात. कप्प्यात बसवताना पुन्हा आवळून घ्यावे लागते आणि तेव्हा प्लेटा सैल होतात. म्हणून त्या क्षणी चेन ब्लॉकला, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला, टांगलेल्या क्लचला धक्का बसू देऊ नका, ड्रम जागेवरून हलू देऊ नका. हबच्या फ्लँजवर आणि फायनल ड्राइव्हच्या फ्लँजवर गंजाचा किंवा रंगाचा कणही ठेवू नका, नाहीतर क्लच तिरका बसतो. बोल्ट समोरासमोरचे आवळत जा, लॉकच्या पट्ट्या नव्या घाला. बाहेर काढलाच आहे तर सीलही याच वेळी नवी टाका. टेपरवर बसलेले हब काढावे लागले तर हातोड्याने ठोकू नका, हायड्रॉलिक पुलर भाड्याने आणा. ठोकल्याने बेव्हल गिअरच्या बेअरिंगला मार बसतो आणि मग क्लचऐवजी गिअरचे काम अंगावर येते.

आणि दाब देणारे स्टड काढा. 1980च्या दशकात मी शेत सपाटीकरणाच्या मशीनवर हेल्पर होतो, तेव्हा एका बाजूचे तिन्ही स्टड मी आतच ठेवून झाकण बसवले. ती चेन हलेचना. मिस्त्रींनी काही न बोलता झाकण उघडले आणि स्टड माझ्या हातात ठेवले. तेव्हापासून स्टडना लाल कापड बांधतो आणि झाकण लावण्याआधी तिन्ही कापडे मोजतो.

झाकण लावण्याआधी एक तपासणी करा. इंजिन बंद ठेवा, मशीन गिअरमध्ये घाला आणि चेनखाली जॅक लावून ती जमिनीपासून उचला. खाली लाकडाचे भक्कम ठोकळे द्या, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. मदतनिसाला दांडा ओढायला सांगा आणि चेन हाताने किंवा पहारीने फिरवून पाहा. दांडा ओढल्यावर बाहेरचा ड्रम मोकळा फिरला पाहिजे, सोडल्यावर हलता कामा नये. ओढल्यावर प्लेटांमधून उजेडाची बारीक फट सगळीकडे दिसते का ते बॅटरीने बघा. एकाच जागी मोठी फट आणि बाकीच्या चिकटलेल्या असतील, तर दात अजून अडवत आहेत. इथे कळले तर दोन तासांचे काम, रानात कळले तर दोन दिवसांचे.

पहिली चाचणी सपाट जागी घ्या. उतारावर नको, आणि याचे कारण चालकालाही सांगा. उतारावरून खाली येताना ब्रेकशिवाय नुसता डावा दांडा ओढला, तर डावी चेन मोकळी सुटून पुढे धावते आणि मशीन उजवीकडे वळते, म्हणजे अपेक्षेच्या उलट. क्लच चांगला असो वा वाईट, हे होणारच. नव्याने बांधलेला क्लच कसा वागेल याचा अंदाज नसताना बांधावर हे झाले, तर पाच टनांचे मशीन आवरत नाही.

पहिले आठ-दहा तास हलके काम द्या. लायनिंग बसते तशी मोकळी चाल कमी होते, म्हणून त्यानंतर दोन्ही दांड्यांची आणि ब्रेकच्या पट्ट्यांची जुळणी पुन्हा करा. ड्रेन प्लग पहिला आठवडा काढूनच ठेवा आणि रोज सकाळी खाली कागद टाकून बघा. चिखलात किंवा पाण्यात उतरायचे असेल तेवढ्यापुरता लावा, काम झाले की पुन्हा काढा. आत शिरलेले पाणी बाहेर पडले नाही तर पावसाळ्यात उभ्या मशीनच्या प्लेटा गंजून एकमेकींना धरतात. उघड्यावर ठेवायचे असेल तर महिन्यातून एकदा तरी सुरू करून दोन्ही दांडे ओढून मशीन दोन्हीकडे वळवा.

मोजलेल्या जाड्या आणि दोन्ही बाजूंना किती प्लेटा निघाल्या ते मला लिहून कळवा. डावीकडचे लायनिंग किती उतरवायचे तो हिशेब मी करून देईन.